चव अगदी तीच

सेगेद, नाताळचा दुसरा दिवस

लेव्हेन्ते,

लहानपणी नाताळच्या झाडाला टांगलेली माझ्या हातची चॉकलेटं तू गुपचूप फस्त करायचास आणि चमचमत्या वेष्टणांत कागदाचे बोळे भरून ती पुन्हा लटकवायचास. यंदा म्हटलं, आपणही गंमत करू. व्हिएन्नाला तुला धाडलेल्या डब्यात मी नुसते बोळेच गुंडाळले. वाटलं, फोनवर ओरडशील, "आई, चोर कुठली!" मग खरी धाडणार होते.

आणि काल काय म्हणालास? "आई, सगळी संपवली. चव अगदी तीच!"

खोटारड्या! डब्याची दोरी तरी सोडलीस का रे? आजवरचे डबे कुठल्या उकिरड्यावर गेले?

हे पत्र पोस्टात टाकत नाही. टाकलं तर न फोडताच म्हणशील, "आई, काय सुंदर लिहिलंयस!"

खरी चॉकलेटं एकटीच खात बसलेली,
तुझी आई