मागच्या शेडातली तीन मिनिटं

नागभीड
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. राजदीप,

मामाचा आशीर्वाद घे. इथी सगळे बरे आहेत. तुझ्या मामीचा गुडघा थंडीत दुखत होता, आता ऊन लागलं तं बरा आहे. तुझ्या बहिणीले, उर्वशीले, कॉलेजात परीक्षेची ड्यूटी लागली. तुझ्या आईनं वडस्यावरून लाखोळीची डाळ धाडली, ती पोचली.

तुझा पेपर बी पोचला. पाकिटात तुझी चिठ्ठी होती, की मामा, तुमच्या गिरणीवर लिहिलं आहे, अभिप्राय लेखी कळवा, पुढच्या कामाले उपयोगी पडते. फोनवरच सांगतलं असतं, पण फोनवर तू "हो मामा, हो मामा" म्हणते अन् मंधातच दुसऱ्याचा फोन घेते. म्हून पत्र. पुण्याची भाषा मले जमत नाई, घरच्या भाषेत वाच. इंग्रजी तं मले येतच नाई. उर्वशीनं दोन दिवस बसून एकेक ओळ मराठीत करून सांगतली. पहिल्या दिवशी ती हसत होती. दुसऱ्या दिवशी जांभया देत होती.

अभिप्राय असा की पेपर भंगार आहे.

रागावू नको. तू लेखी मागतला, मी लेखी देऊन राह्यलो.

नावापासून धरू. "मध्यम क्षमतेच्या धानगिरणीतील व्यवसाय प्रक्रियांची पुनर्रचना : विलंब, पुनरावृत्ती व अपव्यय यांचे विश्लेषण." एवढं नाव वाचून होईपर्यंत आमचे हमाल अर्धा ट्रक खाली करतात. अन् आत काय आहे? सात डबे काढले, मंधात बाण. ट्रक आला, वजन झालं, नमुना पाह्यला, वाळवलं, भरडलं, चाळलं, पोतं शिवलं. सगळे बाण उजवीकडे पळून राह्यले. मले मिस्त्री होऊन बत्तीस वर्सं झाली. एक बी दिवस असा नाई गेला की धान मुकाट्यानं उजवीकडे गेलं. ओलं निघालं तं परत वाळवायच्या ओट्यावर जाते. फोल राह्यलं तं परत वर चढते. भरडायचा रबराचा रोल तापला तं सगळेच बसून राह्यतात. मागं जाणारा एक तरी बाण काढायचा होता. पेनातली शाई संपली होती का?

मंग तुझा तो "प्रतीक्षा" नावाचा रकाना. ट्रक आला की सत्तेचाळीस मिनिटं नुसता उभा राह्यते, म्हून तू लिहिलं, हा शुद्ध अपव्यय. अरे, त्या सत्तेचाळीस मिनिटांत मी धान आणणाऱ्याजवळ बसून चहा पेतो. तो बोलते. धान शेताच्या कोणत्या बांधीतलं, कापून किती दिवस पडलं होतं, ओट्यावर वाळवलं की डांबरी रस्त्यावर, हे सगळं तो चहावर सांगते. त्यावरून मी रोल ढिला करतो नाईतं आवळतो. तू पलीकडे प्लास्टिकच्या खुर्चीवर, नाकाले फडकं बांधून, हातात घड्याळ धरून बसला होता. तुले दोन माणसं चहा पेताना दिसली. तुले जेवढं दिसलं तेवढंच तू लिहिलं, अन् त्याले विश्लेषण म्हटलं.

आभार वाचले. विद्यापीठाचे, तुझ्या गाईडचे, लॅपटॉप देणाऱ्या संस्थेचे. शेवटी "स्थानिक सहकार्य". हे स्थानिक सहकार्य म्हणजे तुझी मामी असल. नऊ दिवस तुले गरम पोळी वाढली अन् गुडघा दुखत असताना तुझ्या आंघोळीचं पाणी तापवलं. नाव लिहायले जागा नाई पुरली.

माणसाइले नंबर दिले ते बी पाह्यलं. इंजिनवाला प्रवीण म्हणजे ई-१. मी ई-२. हमाल ई-५ पासून पुढं. मागच्या शेडात सूप घेऊन पाखडणारी गुणाबाई, तिले नंबरच नाई, काऊन की ती रोजंदारीवर. तिच्याबद्दल एकच ओळ आहे, "मागील शेडमधील हाताने पाखडण्याचे काम मूल्य वाढवत नाही, ते बंद करता येईल." तू आमच्या शेठले बी एक प्रत धाडली, त्यानं साऱ्या पेपरातून दोनच ओळी लाल पेनानं अधोरेखित केल्या, ही एक. तिच्याखालची दुसरी, "ओलावा मोजण्याचे यंत्र घ्यावे." बाकीची एकोणीस पानं त्यानं पाह्यली बी नसतील. तुले एवढा एक वाचक भेटला, त्याचा आनंद मान.

आता माझं. तू लिहिलं की ई-२ हा मूठभर धान घेते, दाताखाली फोडते, अन् निर्णय सांगते. ही "व्यक्तिनिष्ठ चाचणी". त्यातबी तो चाचणी करून थेट निर्णय देत नाई, धान मुठीत घेऊन मागच्या शेडात जाते, सरासरी तीन मिनिटं दहा सेकंद, नऊ दिवसांत एक्केचाळीस वेळा. "प्रयोजन अस्पष्ट."

माणूस आहे मी. पाणी पेत असल. थुकत असल. मोटारीचा आवाज ऐकत असल. त्याचं प्रयोजन तुले काऊन पाहिजे? एक्केचाळीस वेळा घड्याळ दाबलं, पण एकदाबी खुर्चीवरून उठून मागं नाई आला. वीस पावलांवर शेड. आला असता तं दिसलं असतं, मी तिथी पाणी पेतो. गुणाबाईचा त्याच्याशी काही संबंध नाई. ती आपली पाखडत असते.

या दाताची गोष्ट वडस्यापासून मूल गावापर्यंत कोणालेबी विचार. दिवाळीले शेठ मले शाल देतात ती काही उगीच नाई. मीटर येऊ दे. मीटर पाणी मोजते, धानाचं पोट त्याले कळत नाई.

पेपर परत धाडत नाई. उर्वशीनं पाठकोऱ्या बाजू कच्च्या कामाले ठेवल्या.

तुझा मामा,
बापूजी


नागभीड
शनिवार, १५ फेब्रुवारी २०२५

चि. राजदीप,

आशीर्वाद. पहिलं पत्र तुले भेटलं असल. हे दुसरं त्याच्यासोबतच ठेव, वेगळं ठेवू नको.

मीटर मंगळवारी आलं. बुधवारी शेठनं गुणाबाईले सांगतलं, बाई, होळीपर्यंत काय थांबायचं, उद्यापासूनच येऊ नको. तिनं "बरं" म्हटलं, सूप भिंतीले टेकवलं अन् गेली. मी तिथीच होतो. मी रोल पुसत राह्यलो.

गुरुवारी चामोर्शीवरून ट्रक आला. मीटरनं ओलावा चौदा टक्के दाखवला. शेठ खुश. मले म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही बी पाहून घ्या, तुमचं मन राहू द्या." मी मूठभर धान घेतलं, दाताखाली धरलं, अन् सवयीनं मागं गेलो. शेडात कोणी नव्हतं. सूप होतं. मी तिथी उभा राह्यलो. तुझ्या घड्याळानं तीन मिनिटंच झाली असतील. परत येऊन म्हटलं, "चालते."

भरडलं तं निम्मी कणी. आख्खा दाणा म्हून हातात घ्यावा तं अर्धाच. डांबरी रस्त्यावर कडक उन्हात वाळवलेलं धान होतं, वरून वाळलं, पोटात चिरलं. असलं धान आधी सावलीत बसवा लागते, रोल ढिला करा लागते. शेठ म्हणाले, "मीटर बी चौदा म्हणते, तुम्ही बी चालते म्हणता, मंग तुटलं कसं?" मी म्हटलं, मीटर नवीन आहे, सेट नाई झालं. सारे हमाल ऐकून राह्यले होते. प्रवीणनं माझ्याकडे पाह्यलं अन् मान खाली घातली. त्याले माहीत असल, असं मले पहिल्यांदा वाटलं.

राजदीप, माझ्या तोंडात कवळी आहे. वरची बी, खालची बी. तंबाखूच्या खर्ऱ्यानं दात खाल्ले माझे, सात वर्सं झाली. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरनं कवळी बसवली, ते तुझ्या मामीशिवाय कोणाले माहीत नाई. उर्वशीलेबी नाई. तू नऊ दिवस माझ्या शेजारी बसून जेवला अन् तुले नाई समजलं, म्हून तुझ्या निरीक्षणावर मी एवढा हसत होतो. कवळीखाली धान फुटते, पण कळत काहीच नाई. ओलं, वाळलं, चिरलं, सारं सारखं.

कवळी बसवली त्याच हंगामात, पहिल्याच ट्रकाले, मी धान तोंडात घेतलं अन् घाबरून मागच्या शेडात थुकायले गेलो. गुणाबाईनं पाह्यलं. तिनं माझ्या मुठीतले चार दाणे घेतले, दाताखाली फोडले अन् म्हणाली, "आज नको भाऊ. दोन उन्हं देऊ द्या." मी समोर येऊन तेच सांगतलं. दोन दिवसानं भरडलं तं दाणा सोन्यासारखा निघाला. तेव्हापासून सात वर्सं तिचा दात अन् माझं नाव. तिनं कधी कोणाले सांगतलं नाई. मी कधी सांगा म्हटलं नाई.

तुझं घड्याळ बरोबर होतं. मीच खोटं लिहिलं की पाणी पेतो. तुझा पेपर तरी बी भंगारच आहे, त्यावर मी कायम आहे. पण शेठनं तुझी ती ओळ अधोरेखित केली तेव्हा खरं सांगणारा एकच माणूस गिरणीत होता, अन् तो तोंड दाबून बसला होता. तू न पाहता लिहिलं. मी पाहून गप्प राह्यलो. दोघाइत कोण वाईट ते तुझ्या गाईडले विचार.

काल सकाळी गुणाबाईच्या घरी गेलो, रेल्वे फाटकाच्या पलीकडे. ती अंगणात तूर झोडपत होती. मी म्हटलं, बाई, माझ्या भाच्यानं चुकीचं लिहिलं, त्याची नजरच तशी, तुम्ही त्याले दिसल्याच नाई. ती झोडपतच राह्यली. मंग म्हणाली, "त्याले मी नाई दिसली, ठीक आहे भाऊ. तो नऊ दिवस होता, खुर्चीवर होता. तुम्ही तं सात वर्सं रोज मागं येत होते."

"चला," म्हटलं, "शेठकडे." ती म्हणाली, "काऊन? तुमच्या शालीसाठी?" मी म्हटलं, नाई, तुमच्यासाठी. तिले खरं वाटलं नाई. तरी काठी ठेवली अन् पदर झटकून आली.

शेठच्या टेबलावर तुझा पेपर होता, लाल रेघेचं पान वर. मी दोन्ही कवळ्या काढल्या अन् त्या पानावर ठेवल्या. दात नसले की शब्द नीट फुटत नाई, म्हून मले दोनदा सांगा लागलं. शेठ आधी हसले. मंग हसणं थांबलं. म्हणाले, "मंग सात वर्सं मी शाल कोणाले देत होतो?" हमाल दारात जमा झाले होते. मी सगळ्यांसमोर गुणाबाईकडे बोट केलं.

शेठ व्यापारी आहेत, पटकन मानत नाई. तीन पोत्यांतून तीन मुठी आणवल्या, त्यात एक चामोर्शीच्या उरलेल्या धानाची. गुणाबाईनं एकेक फोडलं. पहिलं, "चालते." दुसरं, "एक ऊन पाहिजे." तिसरं तोंडात घेतलं अन् लगेच थुकलं, "हे रस्त्यावर वाळवलं आहे, पोटात चिरलं." शेठनं मीटर उचलून ड्रॉवरमध्ये ठेवलं.

सोमवारपासून ट्रक आला की ती समोर बसणार, माझ्या खुर्चीवर. चहा पेत धान आणणाऱ्याशी बोलायचं काम मी तिले शिकवून राह्यलो, ती म्हणते तेवढं मले येते. माझं काय, ते शेठनं सांगतलं नाई. मले घरी बसवणार असतील तं बसवू दे. आज तरी मी मागच्या शेडात बसून हे लिहून राह्यलो, तिचं सूप बाजूले आहे. पाखडून पाह्यलं, मले जमत नाई. कोंडा सगळा अंगावर येते.

आता तुले सांगतो ते नीट ऐक. तुझा पेपर जिथी छापला तिथी दुरुस्ती धाड. मागं जाणारा बाण काढ, अन् तो या शेडापर्यंत आण. "प्रयोजन अस्पष्ट" खोडून तिथी गुणाबाईचं नाव लिही, सारं नाव, तिच्या तोंडून विचारून. ते इथी बसून विचारावं लागते, फोनवर नाई. तू आला की मी खुर्ची इथीच टाकीन.

मी कवळी न लावता जेवून राह्यलो, तं तुझी मामी विचारते, लोक काय म्हणतील. म्हणू दे.

तुझा मामा,
बापूजी
(ई-२ तिले दे. मले नंबर नको.)