चार खाचांची बाटली

नाना, आई आज शेजारच्या बाईंना पुन्हा सांगत होती की शेवटी तुम्ही माझ्याच हातचं औषध घेतलंत, दुसऱ्या कुणाच्या हातचा थेंबही घशाखाली उतरू दिला नाहीत. शेजारच्या बाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "लेकीच्या हातून सेवा घडायला भाग्य लागतं हो." मी ताटातली भाकरी मोडत राहिले. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि हे वाक्य मी दर दोन-तीन महिन्यांनी ऐकते. आईला ते खोडून सांगणं मला जमलेलं नाही. तुम्हाला सांगता येईल, कारण तुम्हाला ते ठाऊक आहे.

मी आता धुळ्याच्या एका दवाखान्यात औषधखोली सांभाळते. कंपाउंडरची परीक्षा मी पास झाले, पण जळगावच्या आपल्या डॉक्टरांच्या पत्रावर नाही. मामांच्या घरी राहून इथल्या बाळंतिणींच्या खोलीत मी दोन वर्षं गरम पाणी आणि कपडे उकळण्याचं काम केलं, तेव्हा इथल्या डॉक्टरीणबाईंनी पत्र दिलं. जे अठराव्या वर्षी व्हायचं ते बाविसाव्या वर्षी झालं. चार वर्षं गेली, एवढंच म्हणते. ती कुणामुळे गेली तेही तुम्हाला ठाऊक आहे.

जळगावचा तो दवाखाना तीन भागांचा होता. पुढे डॉक्टर बसत, मधे तुमची औषधांची खोली, आणि मागे अंगणाला लागून आपल्या दोन खोल्या. मधल्या खोलीला एक खिडकी होती. लोक घरून आणलेली बाटली तिच्यातून आत देत. घासलेटची, तेलाची, अत्तराची, हाती लागेल ती. बारा वर्षांची झाले तेव्हा त्या बाटल्या धुण्याचं काम माझ्याकडे आलं. चौदाव्या वर्षी तुमचा उजवा हात थरथरू लागला. तुम्ही कुणाला काही सांगितलं नाहीत. एक जुनं धोतर खिडकीच्या आत आडवं बांधलंत आणि मला म्हणालात, "इथे बस. बोलायचं नाही." तेव्हापासून तुम्ही खिडकीशी उभं राहून लोकांशी बोलायचात आणि मी धोतरामागे औषध तोलून बाटली भरायची. अजून ऐकू येतं. तुम्ही विचारता, "काय आबा, ज्वारी कशी आहे?" आणि बाहेरून म्हातारा म्हणतो, "ज्वारी बेस शे, मीच बेस नही." तुम्ही हसता, बाहेरचे हसतात, आणि तेवढ्या वेळात मी तराजूचा काटा स्थिर होण्याची वाट पाहते.

शिकवलंत तुम्ही चांगलं. हे नाकारलं तर मी खोटी ठरेन. पहिल्या दिवशी मी तराजूवर वाकले तेव्हा तुम्ही माझी वेणी धरून मागे ओढलीत. "श्वास टाकू नको त्यावर. तुझ्या फुंकरीचं वजन रोग्यानं का प्यावं?" एकदा मी म्हणाले, जवळजवळ पाच ग्रेन आहे. तुम्ही औषध घोटायचा बत्ता माझ्या बोटांच्या पेरांवर मारलात. "जवळजवळ हे किराणा दुकानात. इथे आहे किंवा नाही." आई आतून म्हणाली, "अहो, मुलीची जात आहे, बोटं वाकडी झाली तर कोण करून घेईल?" तुम्ही म्हणालात, "तोलताना सरळ राहिली म्हणजे झालं." त्या आखाजीच्या सणाला गल्लीतल्या सगळ्या मुली निंबाला बांधलेल्या झोक्यावर होत्या आणि मला तुम्ही विचारलंत, बांगड्या हव्यात का. मी म्हणाले, फूटपट्टी हवी. तुम्ही आईला हाक मारलीत, "ऐकलंस का? ही पोरगी आहे की ओव्हरसियर?" पण संध्याकाळी पितळी फूटपट्टी घेऊन आलात. त्या दिवशी मला तुम्ही फार आवडला होतात. हेही लिहिते.

फूटपट्टी मला बाटलीवरच्या कागदासाठी हवी होती. खेड्यातून येणाऱ्यांना वाचता येत नसे, म्हणून बाटलीवर उभी कागदी पट्टी डकवायची आणि तिच्या कडेला डोसागणिक एक खाच पाडायची. एका खाचेपासून दुसरीपर्यंतचं औषध म्हणजे एक वेळचं. तुम्ही कागदाच्या घड्या घालून कात्री मारायचात. तीन घड्या घातल्या की आठ भाग होतात. मी कधी घडी घातली नाही. लोकांच्या बाटल्या सारख्या नसतात, म्हणून मी प्रत्येक बाटली मोजून पेन्सिलीनं खुणा करायची. तुम्ही हसायचात, पण माझ्याच पट्ट्या वापरायचात. पुढे डॉक्टरांनी एकदा मला बाटल्या पुसताना पाहिलं आणि औषधांवर दोन प्रश्न विचारले. मी उत्तरं दिली. ते तुम्हाला म्हणाले, "अठरा पूर्ण झाली की परीक्षेला बसवा हिला. पत्र मी देतो." त्या दिवसापासून मी महिने मोजत होते. भाद्रपद लागला तेव्हा सात उरले होते.

दर महिन्याचे चार दिवस मात्र मी अंगणात बसायची. माझी चटई वेगळी, तांब्या वेगळा. औषधांना शिवायचं नाही हा आईचा नियम होता आणि तुम्हाला तो मान्य होता. त्या चार दिवसांत सोप्या बाटल्या तुम्ही कशातरी भरायचात आणि अवघड माणसाला म्हणायचात, "परवा या, माल संपला आहे." त्या भाद्रपदातही असंच चालू होतं. माझा दुसरा दिवस होता. पिंप्राळ्याची एक म्हातारी तिच्या दीड वर्षाच्या नातवाचा खोकला घेऊन आली. डॉक्टरांनी अफूचा अंश असलेलं मिश्रण लिहिलं, आठ डोस. तुम्ही ते बरोबर भरलंत. पट्टीला मात्र दोनच घड्या घातल्यात. चार खाचांची पट्टी आठ डोसांच्या बाटलीवर बसली, आणि त्या मुलाला दर वेळी दुप्पट औषध मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हातारी मुलाला घेऊन पळत आली. मी अंगणातून तिचा आवाज ऐकला. "डोया उघाडत नही वो डाक्टरसायेब! कागदवर जितलं व्हतं तितलंच पाजं मी, एक टिपूस जास्त नही!" डॉक्टरांनी त्याचं पोट धुतलं, कॉफी पाजली, दोन दिवस त्याला झोपू दिलं नाही. मूल वाचलं. पाचव्या दिवशी सकाळी मी न्हाऊन घरात आले आणि तासाभरानं डॉक्टर ती बाटली हातात धरून मधल्या खोलीत आले. म्हातारी दारात होती, आणखी चार-पाच लोक होते. त्यांनी विचारलं, "ही पट्टी कुणी कापली?"

तुम्ही बाटलीकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही. म्हणालात, "पोरगी हात लावत असते साहेब. माझी नजर चुकवून."

म्हातारी ओरडली, "पोरगीना हातनं औशद? मना नातू काय बाहुली शे का?"

त्या खोलीत तिघांना खरं माहीत होतं. तुम्हाला, मला, आणि तोंडात पदर धरून दारामागे उभ्या असलेल्या आईला. पट्टीवरच्या घड्या मला चार हातांवरून दिसत होत्या. पण माझा खरा पुरावा तो नव्हता. मी त्या दिवशी बाहेर बसले होते, हे एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य डॉक्टरांसमोर, परक्या पुरुषांसमोर, सतरा वर्षांची मुलगी म्हणू शकत नाही, आणि तिची आईही म्हणू शकत नाही. तुम्ही ते गृहीत धरूनच बोललात. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत असे की तुमच्या तोंडून घाबरून निघालं. आता तसं वाटत नाही. घाबरलेला माणूस अडखळतो. तुम्ही अडखळला नाहीत. आपल्याकडे बापाला चूक चिकटत नाही. ती घरातल्या दुसऱ्या कुणाच्या पानात वाढावी लागते, आणि ज्याच्या पानात पडते त्यानं ती मुकाट्यानं खायची असते.

डॉक्टर मला म्हणाले, "परीक्षेचं विसर. या खोलीत पुन्हा पाऊल नको." त्या दुपारी जेवताना तुम्ही म्हणालात, "तुझं काय गेलं? तू उद्या लग्न होऊन जाशील. आपल्या सगळ्यांचं पोट माझ्या हातावर आहे."

मी विचारलं, "कोणत्या हातावर, नाना?"

तुम्ही डावा हात उजव्यावर ठेवलात आणि पान तसंच टाकून उठलात. आई मला म्हणाली, "जीभ आहे की सुरी?" मी माझं पूर्ण जेवले.

मी धोतरामागे नसल्यावर तुमचा हात किती दिवस लपणार होता? दीड महिन्यात डॉक्टरांनी पाहिला. भुसावळहून नवा कंपाउंडर आला. तुम्हाला त्यांनी काढलं नाही, बाहेर लोकांना नंबर लावायला बसवलं. हिवाळा संपता संपता तुम्हाला हिवताप आला, त्यात छाती कमजोर निघाली. नव्या माणसाच्या हातचं औषध तुम्ही घ्यायला तयार नव्हता. "तो अंदाजानं ओततो," म्हणालात. डॉक्टर वैतागून मला म्हणाले, "वडिलांची बाटली तेवढी तू करून दे, याच्या डोळ्यांदेखत." म्हणून मी पाच महिन्यांनी त्या खोलीत पाऊल टाकलं.

क्विनाइनचं मिश्रण होतं, दिवसातून तीनदा. क्विनाइन, ॲसिडचे थेंब, पाणी, आणि कडवटपणा झाकायला संत्र्याच्या सालीचं सिरप. सिरपाचा गुण काही नाही, ते फक्त जिभेसाठी असतं. मी पहिल्या दिवसापासूनच ते घातलं नाही. नव्या कंपाउंडरनं विचारलं, "सिरप, ताई?" मी म्हणाले, "त्यांना गोड चालत नाही." बाकी सगळं काट्यावर होतं. औषध म्हणून त्या बाटलीत काहीच कमी नव्हतं, आणि कुणी तपासलं असतं तर मी तसंच सांगितलं असतं.

तुम्हाला पहिल्याच घोटाला कळलं. तीस वर्षं ते मिश्रण बनवलेला माणूस तुम्ही. तोंड आवळलं गेलं, डोळ्यांत पाणी आलं, तरी गिळलंत. तिसऱ्या दिवशी एकदाच विचारलंत, "सिरप संपलं आहे का गं?"

"हो," मी म्हणाले. "माल यायचा आहे." सिरपाची बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती.

तुम्ही पुन्हा विचारलं नाही. आईनं गूळ पुढे केला तर तोही घेतला नाहीत. अठरा दिवस रोज तीनदा मी वाटी धरली आणि तुम्ही प्यायलात. आई दारातून बघायची आणि तिला वाटायचं की बाप-लेकीत सगळं मिटलं.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी आई नळावर गेली होती. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "पोरी, तू तेव्हा बाहेर बसलेली होतीस. पट्टी माझी होती."

मी म्हणाले, "डॉक्टर पुढच्या खोलीत आहेत. बोलावते. त्यांना सांगा."

तुम्ही पांघरूण छातीवर ओढलंत. मग म्हणालात, "आता राहू दे ना. आता साहेब काय म्हणतील मला?"

मी उठले आणि संध्याकाळची बाटली करायला गेले. म्हणजे तुम्ही कबूल केल्यानंतरची ती बाटली आहे, नाना. क्विनाइन तोललं, थेंब मोजले, पाणी घातलं. सिरपाची बाटली समोरच्या फळीवर होती. बूच लावून मी मिश्रण हलवलं आणि तुमच्याकडे आणलं. तुम्ही प्यायलात, ओठ पुसलेत, आणि पूर्वी माझं काम तपासताना म्हणायचात तसं म्हणालात, "अचूक आहे."

पहाटे तुम्ही गेलात.

हा कागद आईच्या हाती लागू नये म्हणून उद्या दवाखान्याच्या चुलीत घालीन. अलीकडे मला वाटू लागलं आहे की दुसऱ्या दिवशीच्या बाटलीत सिरप घालायचं मी ठरवलं होतं, फक्त वेळ मिळाला नाही. तसं लिहायला मी बसलेही होते. पण ठरवलं नव्हतं.