गोलरेषेवरची दोन बोटं

मी, खाली सही करणारा, सगळे ज्याला मैदानमामा म्हणतात तो, वय वर्षे बाहत्तर, फुटबॉलच्या पहिल्या लीगमधील बंदर क्लबच्या मैदानाचा निवृत्त राखणदार, राहणार पूर्व स्टँडच्या मागच्या गल्लीत, हे स्वखुशीने लिहून ठेवत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की भरीस पाडलेले नाही. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. देण्याआधी त्यांनी मला लीगच्या सोळाही क्लबांची नावे गेल्या हंगामातल्या क्रमाने म्हणायला लावली, आणि तेराव्या-चौदाव्यापाशी ते स्वतःच चुकले. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. टंकलेखन माझी मुलगी करत आहे. ती कोर्टात टंकलेखिका आहे, त्यामुळे कायद्याचे शब्द तिचे आणि बाकीचे माझे.

कलम १. घर. दोन खोल्या, मोरी आणि जिन्याखालची जागा मुलीला द्यावी. अट एकच. मागच्या खोलीच्या खिडकीतून अर्धे मैदान आणि उत्तरेकडचा गोल दिसतो. जावयांनी त्या खिडकीपुढे कपाट ठेवण्याचा विचार एकदा जेवताना बोलून दाखवला होता. मी तेव्हा गप्प बसलो. आता सांगतो, ठेवू नये.

कलम २. बँकेत जे असेल ते मुलीचे. त्यात भांडायला पुरेल इतके काही नाही.

कलम ३. क्लबने मला दिलेला आजन्म पास माझ्याबरोबर संपतो. शेजारची खुर्ची मी दरवर्षी विकत घेत आलो, तिचा हक्क मुलीकडे जावा, जावयांकडे नाही. जावई स्वभावाने चांगले आहेत, माझ्या आजारपणात त्यांनी हातचे न राखता केले. पण गाडी काढायला गर्दी नको म्हणून ते ऐंशीव्या मिनिटाला उठतात. अशा माणसाच्या नावे मी पहिल्या लीगची खुर्ची करू शकत नाही.

कलम ४. धाकट्या भावाने एकोणीस वर्षांपूर्वी माझी शिडी नेली. ती त्याला दिली असे समजावे, म्हणजे मला पाहून रस्ता बदलायचे त्याला आता कारण उरणार नाही. तसेही उरणारच नाही म्हणा.

कलम ५. माजी सेक्रेटरी साहेबांना माझा खराटा द्यावा. त्यांनीच मैदानावरचे गवत काढून प्लास्टिकचे अंथरले आणि सभेत सांगितले की आता राखणदाराची गरज नाही, केर काढणारा पुरे. खराटा झिजलेला आहे. नवा घेऊन देऊ नये.

कलम ६. रेषा ओढायचे यंत्र, हात-रोलर, तीन खुरपी, दोऱ्या आणि खुंट्या. प्लास्टिकच्या गवतावर रेषा कारखान्यातूनच विणून येतात, तेव्हा क्लबला यांचा उपयोग नाही. शाळेच्या मैदानाची राखण करणाऱ्या बाई अजून दोरी धरून रेषा ओढतात. त्यांचा हात सरळ आहे, मी कुंपणाबाहेरून पाहिले आहे. हे सगळे त्यांना द्यावे. जोडीला एवढे सांगावे की पावसानंतर रेषा पुन्हा ओढायची झाली, तर खुंटी ठोकण्याआधी भोक कोणते ते खाली वाकून बघावे. असे का, ते पुढच्या कलमात आहे.

कलम ७. हे कलम म्हणजे कबुली आहे.

एकतीस वर्षांपूर्वी, हंगामाच्या शेवटच्या शनिवारी, आमच्या मैदानावर आमचा सामना गिरणी क्लबशी होता. खालचे दोन क्लब दुसऱ्या लीगमध्ये जातात. एक जागा भरली होती, दुसरीसाठी आम्ही आणि ते. आम्हाला बरोबरी पुरत होती, त्यांना जिंकायलाच हवे होते.

मी सकाळी नऊला रेषा ओढल्या. अकरा वाजता पंच आणि दोन्ही लाइन्समननी मैदान तपासले आणि पसंत केले. बाराला पावसाची सर आली आणि उत्तरेकडची गोलरेषा अर्धी वाहून गेली. ती थांबली तेव्हा सामन्याला चाळीस मिनिटे होती. त्या गोलपाशी खुंटीची दोन भोके होती. एक चालू हंगामाचे, दुसरे जुने, दोन बोटे मागे, जाळीच्या बाजूला. जुने पोस्ट थोडे मागे असत, तेव्हाचे ते. जुनी भोके बुजवायची हा आमच्या कामातला पहिला नियम. मी ती बुजवली नव्हती. चिखलात, घाईत मी खुंटी जुन्या भोकात ठोकली आणि त्या दोरीवरून यंत्र चालवले. तिच्या पुढे, मैदानाच्या बाजूला, सकाळची रेषा थोडी राहिलीच होती. दोन्ही मिळून रेषा पोस्टपेक्षा दोन बोटे रुंद झाली. हे मला तेव्हा दिसले नाही. दिसले असते तर मी खरवडले असते, एवढे तरी माझ्याबद्दल खरे मानावे.

ज्यांना खेळ कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चेंडू पूर्ण रेषा ओलांडून गेला तरच गोल. रेषेला जरा टेकलेला असेल तरी नाही. आणि रेषा पोस्टइतकीच रुंद हवी, जास्त नाही, कमी नाही.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला गिरणीच्या सेंटर फॉरवर्डने डोक्याने चेंडू मारला, तो आत पडला आणि आमच्या गोलकीपरने बाहेर ओढला. पंचांनी लाइन्समनकडे पाहिले. लाइन्समनने झेंडा खालीच ठेवला आणि मान हलवली. सामना शून्य-शून्य सुटला. आम्ही पहिल्या लीगमध्ये राहिलो, आजतागायत आहोत. गिरणी क्लब खाली गेला आणि सहा वर्षांनी बंद पडला.

रविवारच्या पेपरात पोस्टच्या अगदी सरळीत उभे राहून काढलेला फोटो आला. पोस्ट आणि चेंडू यांच्यामधून उजेड दिसत होता, म्हणजे चेंडू पूर्ण आत होता. खालची चुन्याची रेषा चिखलात कळत नव्हती. लोकांनी एकच अर्थ काढला: लाइन्समनने पैसे खाल्ले. फोटो बघून मी मैदानात गेलो, गोलरेषेपाशी वाकलो आणि मला सगळे कळले. मी खुरपे आणले, मागची दोन बोटे खरवडली, वर माती दाबली आणि जुने भोक बुजवले. मंगळवारी लीगची समिती आली. त्यांनी टेप लावली. रेषा पोस्टइतकीच भरली. समितीच्या अध्यक्षांनी माझी पाठ थोपटली.

लाइन्समनवर कायमची बंदी आली. लीग दर हंगामाला एक पुस्तिका काढते, तिच्या शेवटच्या पानावर "अपात्र पंच" अशी यादी असते. माणूस वारला की त्याचे नाव काढतात. आता त्या पानावर एकच नाव उरले आहे.

हे लाइन्समन याच शहरातले. लीगमध्ये लाइन्समन पोट भरायला काही वेगळे करतात, यांचे चष्म्याचे दुकान होते. पुढे काय झाले असेल ते कोणालाही कळेल. ज्याला चेंडू दिसला नाही तो आम्हाला काय चष्मा देणार, असे लोक दुकानाच्या दारात उभे राहून म्हणत. दोन गाळ्यांचे दुकान एका गाळ्यावर आले. मी दर तीन वर्षांनी तिथे जाऊन चष्मा करून घेतला. ते माझा नंबर तपासत, मी भिंतीवरची अक्षरे वाचत असे आणि आम्ही हवापाण्याचे बोलत असू.

मी का बोललो नाही? मुलगी तेव्हा तीन महिन्यांची होती आणि नोकरी गेली असती, हे एक कारण. ते मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितले आहे. दुसरे कारण असे, की आम्ही वाचलो होतो. त्या शनिवारी लोकांनी मलाही खांद्यावर घेतले होते, मैदान छान ठेवले म्हणून. मला तो आनंद परत द्यायचा नव्हता. माझी खरी भीती तीच होती.

सबब, मी असे लिहून ठेवतो की गोल झाला की नाही याचा निर्णय लाइन्समनने समोर दिसणाऱ्या रेषेवरून बरोबर दिला, चूक रेषेची म्हणजे माझी होती. माझ्या मृत्यूनंतर या कलमाची प्रत लीगच्या कार्यालयात द्यावी आणि त्यांचे नाव त्या पानावरून काढून घ्यावे. तसेच जुन्या लाकडी गोलपोस्टचा एक हात लांबीचा तुकडा माझ्या स्वयंपाकघरात दाराला अडसर म्हणून ठेवलेला आहे, तो लाइन्समन, म्हणजे चष्मेवाले, यांना द्यावा. त्यावरून रुंदी मोजता येते.

येथे टंकलेखन थांबले. का थांबले ते नोंदवणे मला योग्य वाटते.

मुलगी म्हणाली, "बाबा, हे खरं आहे?"

"खोटं कशाला टाइप करायला सांगेन?"

"आईला माहीत होतं?"

"नाही."

"आणि हे तुम्ही गेल्यावर द्यायचं."

"तसंच लिहिलंय."

"चष्मेवाल्या काकांचं वय काय हो आता?"

"माझ्याहून तीन वर्षांनी मोठे."

"मग ते आधी गेले तर? नाव तर तसंही निघेल. मेले म्हणून निघेल!"

मी म्हणालो, पुढचं कलम घे. तिने कागद मशीनमधून काढून माझ्या हातात दिला. "मी नाही टाइप करत. आधी त्यांना दाखवून या. मग सांगाल ते करते." तिचा आवाज चढला नव्हता. कोर्टात वकिलांना ती अशीच बोलत असेल.

कलम ८. कलम ७ मधील 'माझ्या मृत्यूनंतर'पासून 'मोजता येते'पर्यंतचा मजकूर रद्द समजावा. कारणे पुढीलप्रमाणे.

मी मंगळवारी दुपारी चष्म्याच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक नव्हते. मी कागद काउंटरवर ठेवला. त्यांनी तो आधी सावकाश आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"जुन्या भोकात," ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे मला पांढरं दिसलं, ते होतं."

"होतं. तुम्ही बरोबर होतात."

त्यांनी एक काच उचलली आणि पुसायला घेतली. ती आधीच स्वच्छ होती. "अकरा वेळा तुम्ही या खुर्चीत बसलात," ते म्हणाले. "मला वाटायचं, गावात एक तरी माणूस आहे ज्याचा माझ्या डोळ्यांवर विश्वास आहे."

त्यांनी काच खाली ठेवली.

"बायको चार वर्षांपूर्वी गेली. तिचं मोठं ऑपरेशन झालं ना, ते त्या सामन्याच्याच उन्हाळ्यात. खर्च माझ्या थोरल्या भावाने केला होता, पण कोणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती. तिने मला एकदाही विचारलं नाही, तुम्ही पैसे घेतलेत का म्हणून. विचारलं असतं तर शपथ गेली खड्ड्यात, सांगितलं असतं. ती धरूनच चालली होती. तिच्यासाठी मी इमान विकलं असं समजून शेवटपर्यंत माझे उपकार मानत होती."

मला फार वाईट वाटले. असे लिहिले की ते थोडे दिसते, पण दुसरा शब्द माझ्याकडे नाही. मी माफी मागितली. त्यांनी ती दिली नाही, आणि नाकारलीही नाही. त्यांनी दुकानाचे शटर ओढले आणि म्हणाले, "लीगचं ऑफिस पाचपर्यंत उघडं असतं. चला."

कार्यालयातील कारकुनाने कबुलीची प्रत ठेवून घेतली आणि पोच दिली. समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. या हंगामाची पुस्तिका छापून झाली आहे, त्यामुळे नाव यंदा राहील. क्लबलाही मी पत्राने कळवले. आजन्म पास परत मागवण्यात आला आहे. मी तो त्याच दिवशी दिला, तेव्हा कलम ३ मधील पहिले वाक्य निरर्थक झाले आहे.

लाकडाच्या तुकड्याबद्दल मी विचारले तेव्हा चष्मेवाले म्हणाले, "लाकूड घेऊन मी काय करू?" मुलीने सांगितले की मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. त्यावर त्यांनी लाकूड नको, साक्षीदार होतो, असे सांगितले. म्हणून तो तुकडा आहे तिथेच दाराला राहू द्यावा. "स्नेही" हा शब्द मी त्यांच्या नावापुढे घातला होता, तो त्यांनी काढायला लावला.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. मी दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली व त्यांनी माझ्यासमक्ष केली.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकाची खोली.
दिनांक: नव्या हंगामाआधीचा शेवटचा गुरुवार.

लिहून ठेवणार: मैदानमामा (सही)

साक्षीदार: डॉक्टर. व्यवसाय: वैद्यकीय. (सही)

साक्षीदार: वय वर्षे पंचाहत्तर. व्यवसाय: "चष्म्याचे दुकान" हे टाइप केलेले शब्द साक्षीदारांनी स्वतः खोडले असून त्या जागी त्यांच्या हस्ताक्षरात पुढीलप्रमाणे लिहिले आहे: लाइन्समन, पहिली लीग. (सही)