दोन इंच खाली

८ फेब्रुवारी

ती. स्व. आप्पामामांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून पत्र. इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे तिघंही वेळेवर जेवतो आणि भांडी लगेच घासली जातात. दादा गेल्यापासून घरात कोणी मोठ्यानं बोलत नाही. शेजारच्या काकूंना वाटलं, आम्ही कुठे बाहेरगावी गेलोय.

आईच्या खुब्याचं हाड जुळलं, पण पाय वाकत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता इस्पितळात येऊन व्यायाम केले नाहीत तर पाय असाच आखडेल, मग काठीवर भागणार नाही, कायमची चाकाची खुर्ची. आई म्हणाली, येईन, पण आपल्याच गाडीतून. भाड्याची गाडी दोनदा दारात आली आणि रिकामी परत गेली. आपली गाडी म्हणजे दादाची ती धिप्पाड गाडी. तिच्यात बसायचं म्हणजे माळ्यावर चढायचं. स्टूल ठेवून पाहिलं. ते डगमगलं आणि आईनं माझा दंड असा धरला की अजून हिरवानिळा आहे. बाबांनी स्टूल उचलून आत नेलं. बोलले काहीच नाहीत.

तुम्ही जन्मभर गॅरेज चालवलंत. गाडी खाली करता येते ना? बाबा ती कुणाकडे न्यायला तयार नाहीत, परका हात नको म्हणतात. तेव्हा घरीच, मी आणि बाबा. दादाच्या हाताखाली पाना धरायला शिकले आहे. पण त्याची गाडी बदलणं चूक तर नाही ना, तेही कळवा. मला हल्ली काही वाटतच नाही, त्यामुळे मनाला विचारून उपयोग होत नाही.

मामींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ पातळ होऊ देऊ नका.

आपली भाची


१७ फेब्रुवारी

चि. शंकाबाईस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझे बाबा बोलत नाहीत ही काय बातमी झाली? लग्नाला होकारसुद्धा त्यांच्या थोरल्या भावानं कळवला होता. चूक-बरोबरचं म्हणशील, तर गाडी आईसाठी खाली येते आहे, हौसेसाठी नाही. पुढे विचार करू नकोस.

पार्सलानं चार स्प्रिंगा पाठवतोय, दोन इंच आखूड. पुढच्या दोन शॉकॲबसॉर्बरवर मीच चढवून दिल्या आहेत. जुनी पुढची जोडी आख्खी काढायची, नवी आख्खी बसवायची. वरचा नट सोडायचा नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा जबडा घेऊन जाते. जॅक फक्त उचलायला, गाडी उभी राहील ती घोड्यांवर, म्हणजे लोखंडी तिवयांवर. मागचा ॲक्सल हळूहळू खाली सोड, स्प्रिंग आपोआप हातात येईल. ब्रेकच्या नळीला ताण नको.

आता मुख्य गोष्ट. चाकं हवेत असताना बोल्ट नुसते हातानं फिरवून ठेवायचे. गाडी जमिनीवर उतरव, घरचं नेहमीचं ओझं आत ठेव, गाडी थोडी हलव, आणि मगच शेवटचं आवळ. आधी आवळलंस तर सांध्यांतलं रबर पिळलेलंच राहील आणि लवकर फाटेल.

मी आलो असतो, पण कंबर बसू देत नाही. जेवत जा, आणि आमची आठवण ठेवून दोन घास जास्त.

तुझा आप्पामामा


६ मार्च

ती. स्व. आप्पामामांस,
शि. सा. न. वि. वि.

गाडी खाली आली. प्रत्येक बोल्ट मी तीनदा तपासला, बाबांनी चौथ्यांदा. आईला उद्या-परवा बसवून बघणार होतो. पण माझ्या हातून एक चूक झाली आहे, ती तुमच्या कानावर घातल्याशिवाय तिला बसवायचं धाडस होत नाही.

तुम्ही घरचं नेहमीचं ओझं म्हणाला होतात. म्हणून माणसागणिक वजन धरून वाळूची पोती भरली. दोन पुढे, दोन मागे. गाडी हलवली, मी खाली सरकले, बाबांनी पाना दिला, सगळं आवळलं. संध्याकाळी पोती उतरवताना चौथं माझ्या हातात आलं आणि मी तशीच उभी राहिले. आम्ही तिघं आहोत, मामा. मी चौघं धरली होती. ते पोतं बाबांनीच भरून, तोंड बांधून दिलं होतं. दादाचं वजन त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही.

वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. बाबा म्हणाले, आप्पांना विचार. सगळं सैल करून पुन्हा आवळू का? आईला धोका नाही ना? आईला यातलं काही सांगितलेलं नाही.

रागावा हवं तर, पण अंतर देऊ नका.

आपली भाची


१३ मार्च

चि. शंकाबाईस,
अ. उ. आशीर्वाद.

धोका नाही. एका माणसाच्या फरकानं रबराला काही होत नाही. पुन्हा आवळायचं तर फार वेळ लागत नाही. मी मात्र हात लावला नसता.

स्टिअरिंग एका बाजूला ओढेल. आधी चाकांचं अलाइनमेंट करून घ्या, तेवढा एक परका हात चालवून घ्या म्हणावं बाबांना. मग आईला बसव. आणखी शंका असतील तर त्या गाडी परत आल्यावर लिही.

मामी म्हणते, तू बारीक झाली असशील. तिचे आणि माझे मिळून आशीर्वाद.

तुझा आप्पामामा


२२ मार्च

ती. आप्पास,
सा. न. वि. वि.

पोरीऐवजी मीच लिहिते आहे. ती आणि हे मिळून गाडी पुसत आहेत.

तिला वाटतं मला पोत्यांचं माहीत नाही. मी खिडकीशीच बसले होते. चार पोती आत जाताना पाहिली आणि मलाही त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. बोल्ट तसेच ठेवलेत. ह्यांनीच राहू दे म्हटलं.

काल मी इस्पितळात गेले. आधी सीटवर टेकले, मग पोरीनं पाय उचलून आत घेतले. इस्पितळाच्या फाटकातल्या उंचवट्याला गाडी खालून खरवडली. मी ह्यांना म्हटलं, राहिलेली हाडंही आजच मोडून टाका. हे म्हणाले, सांग तुझ्या भावाला, गाडी खाली करा म्हटलं होतं, नांगर करा नव्हतं म्हटलं. पोरगी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली.

डॉक्टरीणबाईंनी पाय वाकवला. आप्पा, इतकं दुखलं की मी किंचाळले. मुलगा गेला त्या दिवशीही माझ्या तोंडून आवाज निघाला नव्हता. हे बाहेर बाकावर होते. दार न ठोठावता आत शिरले आणि त्या बाईंवर ओरडायला लागले. ह्यांना बाहेर काढता काढता पोरगी रडायला लागली, ती घरी येईपर्यंत रडतच होती.

गुरुवारी पुन्हा बोलावलं आहे. जाणार आहे.

वहिनीस नमस्कार. कंबर जप, आणि बहिणीवरची माया आहे तशी असू दे.

तुझी धाकटी