प्रत्येक सीनमध्ये मी

३ मार्च
झिमुझो घरी आला. मिसरूड धड फुटलेलं नाही, पण दिग्दर्शक आहे. सत्तावीस वर्षांपूर्वीचा आमचा व्हिडिओ कॅसेटवरचा सिनेमा तो आजच्या पोरांसाठी नव्याने काढतोय. त्यातली दुष्ट सासू मी. काय सासू होते बाई! सगळा नायजेरिया माझ्यावर चिडला. इथे एनुगूच्या बाजारात मिरचीवाली मला मिरची देईना, म्हणे आधी सुनेची माफी माग. झिमुझो म्हणाला, आजी, तुमच्याशिवाय सिनेमा होणारच नाही. मी काय ते ओळखलं. कॅमेऱ्यासाठी बारीक व्हायला हवं, आजपासून तळलेली केळी बंद.

४ मार्च
घरातली केळी संपवून टाकली. समोर असली की मोह होतो.

६ मार्च, सकाळी
अंगणात शाप द्यायचा सराव. आवाज अजून खणखणीत आहे. शेजारची कोसाराची आई पाद्रीबाबांना घेऊन आली, त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. अभिनय जमला की असं होतं.

१० मार्च
झिमुझोने माझा फोटो काढून नेला. एकच. संवादांचे कागद अजून नाहीत. विचारलं तर झिमुझो म्हणाला, आजी, तुम्ही प्रत्येक सीनमध्ये आहात. म्हणजे संवाद ढीगभर, छापायला वेळ लागणारच. आजच्या प्रेक्षकाला सुनेची बाजू दाखवायची म्हणतो. दाखव की. ती बोलली की मीही बोलेन.

१३ मार्च
शूटिंग आमच्याच गल्लीत होणार. झिमुझोने विचारलं, गेटवर तुमचं पोस्टर लावू का? म्हटलं, दोन लाव. रंगीत आहे, कडेने जांभळी पट्टी. खाली इंग्रजीत बरंच काही छापलंय. मला इंग्रजी येत नाही, पण स्तुतीच असणार.

१४ मार्च, दुपारी
गेटवर रडारड ऐकू आली. उघडलं तर चर्चच्या सगळ्या बायका पांढऱ्या कपड्यांत, कोसाराची आई पुढे, हातात माल्टच्या गोड पेयाच्या बाटल्यांची पेटी, दुखवट्याला नेतात तशी. मला बघून दोघी पळाल्या, एक खाली बसली. पोस्टरवर लिहिलंय म्हणे, की मी एक्याण्णवाव्या वर्षी देवाघरी गेले. मी एकाहत्तरची आहे. एवढी चूक?
कोसाराची आई म्हणाली, "जिवंत होतीस तर सांगायचंस ना. मी भात चुलीवर टाकून आले."

१५ मार्च
शूटिंग पाहिलं. नव्या सिनेमात सासू आधीच मेलेली, गेटवरचं पोस्टर तिच्याच मयताचं. माझा फोटो भिंतीवर, सून त्याच्याशी भांडते. चांगली भांडते. मी झिमुझोला विचारलं, मी बोलते कधी?
"आजी, तुम्ही गेलात ना."
आणि हसला. पोस्टर राहू देतो म्हणाला, शूटिंग अजून चार दिवस आहे.

१६ मार्च
कोसाराची आई माल्टची पेटी परत न्यायला आली. पाच बाटल्या कमी होत्या. म्हटलं, मेलेल्या माणसाकडून काय भरून मागतेस?
केळी आणली.