साध्या काचेचा चष्मा

भोकरदन, मंगळवार, १२ ऑगस्ट १९९७

आज औरंगाबादला मनाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. दादा सोबत होता. शाळेत, गल्लीत सगळ्यांना त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, डोळे दाखवायला चाललोय म्हणून.

डॉक्टर म्हणाले, "हा आजार आहे गुरुजी, तुमचा आळस न्हाई." हे आजवर मला कुणीच म्हणालं नव्हतं. मी त्यांच्यासमोर रडलो. दादा खिडकीबाहेर बघत बसला.

बाहेर पडलो तर त्यानं सरळ चष्म्याच्या दुकानात नेलं. दुकानदार म्हणाला, यांना नंबरच नाही. दादा म्हणाला, "साधी काच टाका. गावात दाखवायला काहीतरी पाहिजे." काळी जाड फ्रेम त्यानंच निवडली. लांबूनही दिसावी म्हणून! आणि मी? नाक पुढं केलं. का केलं?

संध्याकाळी शेजारचे काका आले. "आता बराबर दिसून राह्यलं का, गुरुजी?" हो म्हणालो. काकूंनी शेवग्याचा पाला पाठवलाय, डोळ्यांना चांगला म्हणून. चांगली माणसं आहेत. त्याचाच जास्त राग येतो.

गोळ्या बायकोनं तूरडाळीच्या डब्यात खुपसल्यात. "कुणी बसलेलं असताना मागू नका," म्हणाली. जेवणं झाली तरी काका उठेनात. डबा समोरच्या फळीवर होता. गोळीची वेळ टळून गेली.

चष्मा मात्र ते जाईपर्यंत मी काढला नाही.