बावखलाचा हिरवा

मंगळवार, संध्याकाळ

आजही तेच. प्लास्टरच्या एवढ्याशा बावखलात हिरवा लावला. ओला होता तोवर हुबेहूब आमच्या उमेळ्याच्या वाडीतलं बावखल, गोड्या पाण्याचं तळं. सुकल्यावर फिका, खडूसारखा. दुसरा हात दिला तर खालचाच रंग विरघळून ब्रशला आला. जलरंगच वापरायचे हा हट्ट कुणाचा? माझाच. बाबांच्या वाढदिवसाला त्यांची विकलेली वाडी छोटी करून द्यायची, आणि हिरवा काही जमत नाही. वैतागून ब्रश आपटला. आवाजाने बाबा आले, लपवायच्या आत बघितलंच. जवळ येऊन वाकून पाहिलं. मग म्हणाले, "आता हात नको लावू. भराव टाकून बुजवलं त्याच्या आधी असंच दिसायचं. पानी आटून फिकं."

मला बाबा त्यात पोहायचे तेव्हाचं बावखल द्यायचं होतं.